न्हाणीत पाय घसरला

नाईट ड्युटी
शनिवार, रात्री १०:१२

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होते, त्यातली अकरा कॅज्युअल्टीत. कोणता दवाखाना ते विचारू नका, सांगणार नाही.

परवा माळ्यावरचं सामान काढताना ड्युटीची जुनी डायरी हाती लागली. बेड नंबर, सलाईन कधी लावलं, कोणाचे नातेवाईक रक्त आणायला गेलेत, असलं काहीबाही मी तिच्यात टिपून ठेवायची. एका पानावर मात्र दोनच शब्द होते: "न्हाणी. तिसऱ्यांदा."

बाई पंचविशीतली असेल. पहिल्यांदा आली तेव्हा मनगट मोडलेलं. दुसऱ्यांदा भुवई फाटलेली, चार टाके. तिसऱ्यांदा श्वास घेतला की कळ, म्हणजे बरगडी. तिन्ही वेळा सोबत सासू, तिन्ही वेळा बोलायचं सासूनेच, आणि तिन्ही केसपेपरवर एकच वाक्य: न्हाणीत पाय घसरून पडल्याने. त्या तिसऱ्या रात्री सासू खाली चहा आणायला गेली होती. मी इंजेक्शन देता देता सहज म्हटलं, "अगं, त्या न्हाणीची फरशी तरी बदलून घ्या." ती माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "सिस्टर, आमच्या घरी न्हाणीच नाही. नळावर साडी आडवी बांधतो अन् आंघोळ करतो."

तेवढ्यात सासू आली. केसपेपर लिहून झाला होता, डॉक्टरांची सहीसुद्धा झाली होती. मी तो बदलायला लावला नाही. रात्रीचे अडीच वाजले होते, ट्रॅक्टर उलटून सात जण आले होते. ही सबब आहे, मला कळतं.

कॅज्युअल्टीत वर्ष काढलेली कोणतीही सिस्टर सांगेल. घसरणारा माणूस हात पुढे टाकतो. मग तळहात सोलतात, कोपर, गुडघे, फार तर कपाळ. दंडाच्या आतल्या बाजूला, कानामागे, पाठीच्या मधोमध घसरून सहसा लागत नाही. आणि मनगटापासून कोपरापर्यंत करंगळीच्या बाजूने वळ असले, तर तो हात तोंडासमोर आडवा धरलेला असतो. एक वळ ताजा आणि शेजारचा पिवळा पडलेला, असं दिसलं की काय समजायचं ते आम्ही समजायचो. लिहायचो मात्र न्हाणी.

ही झाली दिसणारी दुखापत. न दिसणारी ओपीडीत येते. डोकं दुखतं, पोटात आग होते, झोप नाही, हातपाय गळून जातात, पाळी चुकते. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन कमी, बाकी सगळं नॉर्मल. लाल गोळ्या, अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या, "टेन्शन घेऊ नका" आणि पुढचा पेशंट. गरोदरपणात मार खाणाऱ्या बाईचं मूल कमी वजनाचं होण्याची भीती जास्त, हे आम्हाला शिकवलेलं होतं. एएनसीच्या, म्हणजे गरोदरपणातल्या तपासणीच्या, कार्डावर वजन, बीपी, सोनोग्राफी सगळ्याला जागा आहे. या प्रश्नाला मी तरी कधी रकाना पाहिला नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी २९ टक्क्यांनी नवऱ्याकडून मार किंवा जबरदस्ती झाल्याचं सांगितलं. सांगितलं, हा शब्द लक्षात घ्या. आणि छळ सोसलेल्यांपैकी मदत मागितली ती १४ टक्क्यांनी, त्याही बहुतेक माहेरच्यांकडे.

धागा काढण्याचं कारण वेगळं आहे. हल्ली टीव्हीवर रोज लढायांचे आकडे चालू असतात, इतके ठार, इतके जखमी. ते पाहिलं की मला माझा रजिस्टर आठवतो. ठार आणि जखमी यांच्या पलीकडे जे दुखणं उरतं ते कुठल्या रकान्यात जातं? तुमच्या घरात, गावात असं दुखणं आहे का, ज्याचं खरं कारण कागदावर कधी आलंच नाही? लढाई असो, दंगल असो, कोठडी असो, नाहीतर घरातला मार. लिहा.

तर्री कमी
शनिवार, रात्री १०:४०

सिस्टर, मी इथं खाण्याच्या धाग्यांवर फिरणारा माणूस. चुकून उघडला अन् ताट थंड झालं. नळावरची साडी काही डोक्यातून जाऊन नाही राह्यली. लिहत राहा जी.

शंकासुर
शनिवार, रात्री ११:२५

लेखन भिडलं, पण मुद्दा पटला नाही. नवरा मारतो हा पोलिसांचा विषय, लढाई हा सरकारांचा. त्याला "आरोग्याचा प्रश्न" म्हटलं की मारणारा मोकळा सुटतो आणि मार खाणारी गोळ्या खात बसते. गुन्ह्याला आजार म्हणायची ही फॅशन मला धोक्याची वाटते.

नाईट ड्युटी
रविवार, सकाळी ७:०५

शंकासुर, गोळ्या खात बसते हे खरंच आहे, मीच दिल्यात. पण बघा, १९९६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने हिंसा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न असल्याचा ठराव केला आणि २००२ मध्ये त्यावर पहिला मोठा अहवाल काढला. २००० या एका वर्षात जगात हिंसेने सुमारे १६ लाख माणसं मेली. त्यातली जवळजवळ निम्मी आत्महत्येने, एक तृतीयांशाच्या आसपास खुनाने, आणि युद्धात साधारण एक पंचमांश. ट्रेनिंगमध्ये हे सांगितलं तेव्हा वर्गातल्या सगळ्यांना वाटलं होतं की क्रम उलटा असेल.

गुन्हा तो गुन्हाच. पण ती बाई पोलिस ठाण्यात एकदाही गेली नव्हती. आमच्याकडे तीनदा आली होती.

काळा कोट
रविवार, सकाळी ९:३०

सिस्टर म्हणतात तसल्या जखमांच्या रकान्यावरून देशाचा कायदा बदललाय, आणि तो आपल्याच मुलखातल्या प्रकरणात. नव्या मुलांना माहीत नसतं म्हणून लिहितो.

२६ मार्च १९७२. देसाईगंज, म्हणजे आपलं वडसा, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात. पोलिस ठाण्यात एका कोवळ्या वयाच्या आदिवासी मुलीवर ड्युटीवरच्या पोलिसांनी अत्याचार केला. तेच मथुरा प्रकरण. सेशन्स कोर्टाने आरोपींना सोडलं. हायकोर्टाच्या इथल्या नागपूर खंडपीठाने दोषी धरलं, आणि स्पष्ट सांगितलं की भीतीपोटी गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे. पुढे सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला. कारण काय, तर अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात संबंध सिद्ध झाला आणि बाई म्हणाली संमती नव्हती, तर कोर्टाने तसंच धरून चालायचं.

आता आरोग्याचा मुद्दा. जिवाची भीती बसली की शरीर लढतं, पळतं, नाहीतर गोठतं. गोठलेल्या शरीरावर ओरखडे नसतात. त्या काळच्या डॉक्टरी अहवालात मात्र मुलगी शरीरसंबंधांना "सरावलेली" आहे का याची नोंद होती. हे ठरवायची दोन बोटांची ती चाचणी त्यानंतरही कित्येक वर्षं चालू राहिली. सेवाग्रामच्या न्यायवैद्यक विभागातल्या डॉक्टरांनी तिच्याविरुद्ध अभ्यास मांडला, तो जनहित याचिकेतून इथल्या खंडपीठापुढे आला. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती चाचणी चुकीची ठरवली, २०१४ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याने तपासणीची नवी पद्धत घालून दिली, आणि २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाला पुन्हा सांगावं लागलं की जो ही चाचणी करेल तो गैरवर्तनाचा दोषी. तीनदा सांगावं लागतं यातच आलं.

कामठी लाईन
रविवार, दुपारी १:१०

आमचे बाबा फौजेत होते. १९७१ ला पश्चिम सीमेवर. निवृत्तीनंतर कामठीत घर बांधलं.

रात्री दोन-अडीचला उठायचे आणि घरातल्या सगळ्यांच्या चपला दाराकडे तोंड करून लावायचे. आईच्या, आम्हा तिघींच्या, पाहुणे असले तर पाहुण्यांच्या. मग परत झोपायचे. आम्हाला लहानपणी वाटायचं, सगळ्यांचेच बाबा असं करतात. दहावीत असताना मैत्रीण राहायला आली, तिने सकाळी विचारलं, "माझी चप्पल कोणी फिरवली?" तेव्हा कळलं.

लग्नात गेले की भिंतीला पाठ लावूनच बसणार. मारकुटे अजिबात नव्हते, उलट बोलायचेच नाहीत. आई म्हणायची, "यांची झोप तिकडेच राहिली." लष्करी दवाखान्यातली त्यांची फाईल माझ्याकडे आहे. त्यात बीपी आहे, अल्सर आहे, गुडघे आहेत. चपला नाहीत.

मी नंतर वाचलं, १९१५ मध्ये इंग्लंडच्या वैद्यकीय पत्रिकेत मायर्स नावाच्या डॉक्टराने याला "शेल शॉक" म्हटलं. तेव्हा कित्येकांना वाटायचं की तोफगोळ्याच्या दणक्याने मेंदू हलतो म्हणून असं होतं, आणि कित्येकांना ते सरळसरळ भित्रेपण वाटायचं. आज डॉक्टर ज्याला पीटीएसडी म्हणतात, म्हणजे आघातानंतर मनावर उरणारा ताण, ते नाव मानसिक आजारांच्या अमेरिकी पुस्तकात आलं १९८० मध्ये. म्हणजे बाबा परत आल्यावर नऊ वर्षांनी. कामठीपर्यंत ते नाव पोचलंच नाही.

परत आलो
रविवार, रात्री ९:५०

मी युक्रेनमध्ये खारकीवला एमबीबीएसच्या चौथ्या वर्षाला होतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाचा हल्ला झाला तेव्हा आम्ही मेट्रो स्टेशनात उतरलो आणि सहा रात्री तिथेच काढल्या. फलाटावर रग टाकून, ओळीने. वर धडाम झालं की छताची धूळ कपात पडायची. आपल्याच शिक्षणाचा उपयोग असा झाला की दुसऱ्या दिवसापासून ओळीत कोणाला जुलाब, कोणाला दमा, कोणाच्या थायरॉईडच्या गोळ्या संपल्या, हे आम्ही वहीत लिहायला लागलो. गोळीने जखमी झालेला एकही माणूस त्या स्टेशनात मी पाहिला नाही. पण एक आजोबा तिसऱ्या दिवशी गेले, इन्सुलिन संपल्यावर. १ मार्चला कर्नाटकातला एक मुलगा किराणा आणायला वर गेला होता, तो रांगेत असताना मारला गेला. त्यानंतर आम्ही भुकेलाही वर जाईना.

आता नागपुरात आहे. लोक विचारतात, फटाक्यांची भीती वाटते का. फटाक्यांची नाही वाटत, ते कधी वाजणार ते माहीत असतं. मला जमिनीखालच्या पार्किंगमध्ये उतरता येत नाही. मॉलच्या रॅम्पवर गाडी वळली की हात घामेजतात. आपली मेट्रो डोक्यावरून जाते म्हणून निभावतं, भुयारी असती तर मी चढलोच नसतो.

ओपीडी ७
सोमवार, सकाळी ८:१५

परत आलो, तुझी ती वही जपून ठेव. लढाईतल्या मरणाचा मोठा हिस्सा असाच असतो.

१९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून लाखो लोक पश्चिम बंगालात आले तेव्हा छावण्यांतून कॉलरा पसरला. बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस होते. सलाईन संपलं, जमिनीवर ओकारी-जुलाबात माणसं पडलेली. त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मोजून पाण्यात कालवला, पिंपांत भरला आणि नातेवाइकांच्याच हाती पेले दिले. मरणाचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. आज मेडिकलच्या दुकानात मिळणाऱ्या ओआरएसच्या पुडीवर जगाचा विश्वास बसला तो त्या चिखलात. गडचिरोलीत मुलचेरा-चामोर्शीकडे ज्यांनी नोकरी केली त्यांनी बंगाली वसाहती पाहिल्या असतील. पूर्व पाकिस्तान सोडून आलेलीच ती माणसं. तिथल्या म्हाताऱ्या अजूनही मुलाला दोन जुलाब झाले की रात्री तीनला दार ठोठावतात. मी आधी वैतागायचो. मग एका आजीने छावणीत दगावलेल्या तिच्या दोन मुलांची नावं सांगितली.

येमेनमध्ये २०१७ च्या अखेरपर्यंत कॉलऱ्याचे संशयित रुग्ण दहा लाखांच्या वर गेले होते. पाण्याचे पंप बंद, सांडपाण्याचे पंप बंद, दवाखान्याच्या लोकांना महिनोन्‌महिने पगार नाही. गाझात ऑगस्ट २०२४ मध्ये दहा महिन्यांच्या बाळाला पोलिओ झाल्याचं निष्पन्न झालं, तिथला २५ वर्षांतला पहिला. त्या बाळाच्या कागदावर "पोलिओ" लिहिलं जातं, आणि ते बरोबरच आहे.

कधी कधी तो रकाना भरायला पन्नास वर्षं लागतात. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी हॉलंडच्या पश्चिम भागाचं अन्न तोडलं. त्या उपासमारीत ज्या बायका गरोदर होत्या त्यांची मुलं मोठी झाल्यावर संशोधकांनी तपासली. गर्भाच्या पहिल्या महिन्यांत उपास घडलेल्यांत पुढे हृदयविकार आणि स्किझोफ्रेनियाचं प्रमाण जास्त निघालं. आता पन्नाशीतल्या माणसाला छातीत दुखायला लागलं तर कोण विचारणार, आई काय खात होती?

अवांतर: १९३८ मध्ये युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांत सोलापूरचे कोटणीस सगळ्यांना माहीत आहेत. त्या पाचांत एक नागपूरचे होते, डॉ. चोळकर. आपल्या शहरात किती जणांना ठाऊक आहे? आणि कोटणीसही गोळीने गेले नाहीत. ३२ व्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी.

पाचपावली
सोमवार, दुपारी ३:२०

लिहू की नको करत होतो. १७ मार्च २०२५ ला नागपुरात महाल भागात दंगल झाली आणि शहरातल्या ११ पोलिस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. आमचं घर त्यात. बाबांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस.

पोलिसांनी अडवलं म्हणणार नाही, फाईल दाखवली तर सोडत होते. पण ऑटोवाला यायला तयार नाही, आमच्या गल्लीतून बाहेर पडायला आम्हीच तयार नाही, आणि सेंटरचा टेक्निशियन त्याच्याच मोहल्ल्यात अडकलेला. एक पाळी बुडाली, दुसरी दीड दिवस उशिरा झाली. ज्यांच्या घरी हा पेशंट आहे त्यांना मी काय सांगायचं. पाणी मोजून कपाने. पोटॅशियम वाढतं म्हणून संत्र्याच्या गावात राहून संत्रं वर्ज्य. दुसऱ्या रात्री पाय असे सुजले की बोट दाबलं तर खड्डा भरायला मिनिट लागायचं. आडवं झालं की गुदमरायचे, म्हणून आई आणि मी आळीपाळीने पाठीशी पाठ लावून बसलो. बाहेर गाडीचा आवाज आला की दोघांचीही पाठ ताठ व्हायची, मला ते कळायचं.

सहा दिवसांनी संचारबंदी उठली. बाबा नोव्हेंबरमध्ये गेले. दाखल्यावर हृदयक्रिया बंद पडल्याने. त्या आठवड्यामुळे गेले असं मी म्हणत नाही, डॉक्टरही म्हणत नाहीत. सिस्टरनी विचारलं म्हणून लिहिलं.

रोखठोक
सोमवार, दुपारी ४:०२

दंगल कोणी पेटवली ते आधी लिहा ना. ते सोडून रडगाणं.

तर्री कमी
सोमवार, दुपारी ४:१०

भाऊ, ते बापाबद्दल बोलून राह्यले. थांब की जरा.

संपादक मंडळ
सोमवार, संध्याकाळी ६:३०

यानंतरचे चार प्रतिसाद उडवले आहेत. दंगल कोणाची यासाठी दुसरे धागे आहेत.

काळा कोट
सोमवार, रात्री ९:००

संपादकांनी हाही उडवला तर हरकत नाही, पण तुरुंगाशिवाय हा धागा अर्धा आहे. कैद्याच्या आरोग्याविषयी संयुक्त राष्ट्रांचे नियम आहेत, २०१५ चे, मंडेलांच्या नावाने ओळखले जातात. बाहेरच्या माणसाला मिळतो तोच उपचार आतल्याला मिळाला पाहिजे, आणि सलग १५ दिवसांपेक्षा जास्त एकांतवास नको. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाच्या १९९६ च्या डी. के. बसू निकालाने कोठडीतल्या माणसाची दर ४८ तासांनी डॉक्टरी तपासणी बंधनकारक केली. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, तो मंजूर मात्र अजून केलेला नाही.

नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात असलेला गडचिरोलीचा आदिवासी कैदी पांडू नरोटे ऑगस्ट २०२२ मध्ये स्वाइन फ्लूने गेला. माओवाद्यांशी संबंधाच्या ज्या खटल्यात तो शिक्षा भोगत होता त्यातल्या सगळ्यांना इथल्याच खंडपीठाने ५ मार्च २०२४ ला निर्दोष सोडलं. त्याच खटल्यातले चाकाच्या खुर्चीवरचे प्राध्यापक साईबाबा सुटले, आणि सात महिन्यांनी हैदराबादेत गेले. त्यांचे विचार तुम्हाला पटोत न पटोत, मी औषधपाण्याबद्दल बोलतो आहे.

शंकासुर
सोमवार, रात्री ९:४५

विचार मला पटत नाहीत. औषधपाण्याचं पटतं.

वैनगंगाकाठ
मंगळवार, सकाळी ६:५०

मी गडचिरोलीत आलापल्लीकडं आरोग्यसेवक होतो जी, मलेरियासाठी रक्ताच्या स्लाईडा घ्यायचा. सायकलवर गावोगाव. आमच्याकडं नक्षली अन् पोलिसांच्या भांडणाले लढाई म्हणत नाही कोणी, पण रात्री सातनंतर रस्ता बंद म्हणजे बंद. बाई अडली तं खाटल्यावर टाकून सकाळची वाट पाहायची. रात्री चार माणसं खाटलं घेऊन जंगलातून चालले तं इकडचे विचारतात कोण, तिकडचे विचारतात कोण. एकदा नवऱ्यानं सांगितलं, "उजाडू द्या, मग नेतो." उजाडलं तेव्हा पोर गेलतं. कागदावर लिहलं, उशिरा आणल्याने. काहून उशीर झाला त्याले जागा नाही.

जवानांचंही तेच. १ मे २०१९ ला जांभुळखेड्याजवळ सुरुंग फुटला, १५ जवान अन् गाडीचा ड्रायव्हर गेला. ते सगळ्यांनी टीव्हीवर पाह्यलं. पण कॅम्पातले पोरं मलेरियानं फणफणतात, झोप नाही म्हणून गोळी मागतात, ते कोण पाहते. एकजण मले म्हणे, "दादा, सुट्टीत घरी गेलो तं डांबरी रस्त्यावर चालत नाही मी, कडेनं चालतो." त्याची बायको हसते म्हणे त्याले.

आणि गावात हातपाय दुखते, अंग दुखते म्हणणारे किती. मी सगळ्यांची स्लाईड काढायचो. बऱ्याच निगेटिव्ह याच्या.

नाव नको
मंगळवार, रात्री ११:५५

सिस्टर, मी इथे फक्त वाचते. नवीन आयडी काढून लिहिते आहे. समजा कोणी दवाखान्यात गेलं, आणि सोबत घरचं कोणी नसेल, आणि पोलिसात जायचं नसेल, निदान आत्ता तरी. तर खरं कारण लिहून घेतात का? लिहिलं की लगेच पोलिस घरी येतात का?

नाईट ड्युटी
बुधवार, पहाटे ५:२०

बाळा, नीट वाच.

दिवसा जा, सकाळच्या पाळीला. गर्दी असते पण माणसं ताजी असतात. डॉक्टर "काय झालं" विचारतील तेव्हा तुझ्या शब्दांत सांग आणि तुझ्याच शब्दांत लिहायला सांग. नुसतं "मारहाण" नको. कोणी, कशाने, केव्हा. जुन्या खुणा असतील तर त्याही दाखव. गळा दाबला असेल तर ते आधी सांग, वरून काही दिसत नसलं तरी. आवाज बसला असेल, गिळताना दुखत असेल, डोळ्यांत लाल ठिपके असतील तर त्याला थांबायचं नसतं, आत्ता निघ.

मारहाण म्हटलं की एमएलसी होते, म्हणजे दवाखान्यातून पोलिसांना कळवलं जातं. हे तुझ्यापासून लपवत नाही. पण तक्रार द्यायची की नाही हे तू ठरवतेस, "आत्ता जबाब द्यायचा नाही" असं तू सांगू शकतेस, आणि तेही लिहून घ्यायला लाव. घरी सुरक्षित नसशील तर दवाखान्यातून घरी जाऊच नको, बायकांच्या हेल्पलाईनला, १८१ वर फोन कर, अत्याचार झालेल्या बायकांना मदत करणाऱ्या सखी सेंटरचा पत्ता ते देतील. झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल तर मानसिक आरोग्याची हेल्पलाईन १४४१६, मराठीतही बोलतात, पैसे नाहीत. मला इथे व्यक्तिगत निरोप पाठव, मी बरोबर येते. मला आता ड्युटी नसते.

काळा कोट
बुधवार, सकाळी ८:४०

सिस्टरना जोड. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याने दवाखान्याला उपचार नाकारता येत नाहीत, आधी पोलिसात जाऊन या असंही म्हणता येत नाही. संरक्षण अधिकाऱ्याकडे करायचा अर्ज वेगळा, तो दिवाणी स्वरूपाचा असतो, त्याने कोणी लगेच आत जात नाही. राहत्या घराचा हक्क, खर्च, जवळ न येण्याचा आदेश हे त्यातून मिळतं. केसपेपरची प्रत मागायचा तुमचा हक्क आहे, लेखी अर्ज दिल्यावर ७२ तासांत द्यायला हवी.

नाव नको
शनिवार, दुपारी २:१५

गेले होते. सिस्टर बरोबर होत्या, दाराबाहेर बाकावर बसल्या होत्या. डॉक्टर माझ्यापेक्षा लहान मुलगी होती. तिने आधी स्वतःच लिहायला घेतलं, "जिन्यावरून..." मी म्हटलं, आमचं घर तळमजल्यावर आहे. तिने पेन थांबवलं, नवीन केसपेपर घेतला.

दोन झेरॉक्स काढल्या. एक आईकडे ठेवली.

काळा कोट
शनिवार, दुपारी २:३०

मूळ कागद लॅमिनेट करू नका. कोर्टात त्रास होतो. साध्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा, आणि तिसरी झेरॉक्स काढून माझ्याकडे पाठवा.